अर्धा कोयता

टेम्पोतून पहिलं टायर घरंगळलं ते थेट यशोधराच्या पायाशी, आणि त्यातलं हिरवट, कुजकट पाणी तिच्या बुटांवर सांडलं.

"आरारा… माफ करा, मॅडम."

"माफी ऱ्हाऊ द्या. सगळी टायरं उलटी करा. पाण्यासकट एक बी आत जाणार न्हाई."

"सगळी? अवं, अख्खा टेम्पो हाय!"

"मग? भट्टी झाकणबंद आसती. आत वाफ धरली तर उडून जाऊ."

"दोघं बी?" टेम्पोवाल्या विलासनं गालातल्या गालात हसत विचारलं.

"तुमी एकटेच. मी लांब उभी ऱ्हाते."

तेलगावच्या रस्त्यावरचा हा कारखाना. फाटक्या टायरांना इथं बिनहवेच्या भट्टीत तापवतात; तेल निघतं, तार निघते, काळी भुकटी उरते, आणि निघालेला गॅस पुन्हा भट्टीखालीच जळतो. यशोधरा रसायनशास्त्र शिकलेली, इथली दिवसपाळी सांभाळायची. विलास शिरूर कासारकडचा, ऊसतोड्याच्या घरातला. पंक्चरवाल्यांकडून टायरं गोळा करून आणायचा.

पुढच्या खेपेला टायरं कोरडी ठाक! गोणपाटानं पुसलेली.

"एवढी कावून पुसली?"

"तुमचे बूट भिजू नयेत म्हणून…"

"टायरं आणतोस का नवरी दाखवायला आणतोस बे?" गेटवरचा शहादेव खो खो हसला. यशोधरानं पाठ फिरवली खरी, पण हसू काही तिला आवरलं नाही. जीव कशावर जडेल, काही नेम आहे का? तिचा जडला, पुसलेल्या टायरांवर. मग टेम्पोचा आवाज आला की ती उगीचच ओढणी नीट करायची.

परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. दोघं शेडखाली चहा घेत होते, आणि विलास कपाकडेच बघत बोलला.

"आई म्हणती, दसऱ्याच्या आत लगीन उरकून घे. जोडी झाली की पुरा कोयता धरतेत. मी म्हणलं… तुमी… एकच हंगाम आलात तर…"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला बघून मुकादम नाक मुरडतो. म्हणून तर दसऱ्याच्या तोंडावर आपल्याकडं लग्नांची अशी घाई. बिचाऱ्यानं मागणी घातली होती, पण कशी!

यशोधराला आई दिसली. उसाच्या फडात उभी जवानी गेली, तिशीतच गर्भपिशवी काढली, आता चुलीपासून उठायचं तर भिंत धरते.

"तुला बायको पायजे का कोयता?"

पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघालं, आणि तेही असं! चहा तसाच ठेवून विलास गेला. दिवसभर तिचे डोळे लाल होते. भट्टीची आच लागली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

नंतर तो आलाच नाही. दसरा झाला, टोळ्या निघाल्या. एका सकाळी माणसांनी, भांड्याकुंड्यांनी भरलेला ट्रॅक्टर गेटपाशी थांबला आणि ट्रॉलीतून विलासनं उडी मारली. यशोधरा भुकटी काढत होती, हात कोपरापर्यंत काळे.

"अर्धाच चाललोय," तो धापा टाकत म्हणाला. "आप्पाराव मुकादम चारचौघांत हसला. हसू दे. बाबांची कंबर गेली, तरी फडावर चाललेत; ह्या साली त्यांना एकटं सोडवत न्हाई. पण बायकोच्या हाती कोयता देणार न्हाई… कधीच न्हाई. आई बोलना झालीय माझ्याशी. तू तरी बोल."

"लई उशीर केलास रे सांगायला…"

आणि सगळ्या टोळीदेखत तिनं त्याचा हात धरला. धरला म्हणजे घट्ट धरला. "नीट जा, नीट परत ये. जीव हाय माझा तुझ्यात."

आता काय होतंय म्हणून ट्रॉलीतल्या बायांनी पदर तोंडाशी नेले. वरून विलासची आई, सिंधुबाई, बोलली, "पोरी, खायला हाय का काई? कालधरनं ह्यानं घास घेतला न्हाई."

यशोधरा धावत गेली, आपला जेवणाचा डबा आणून तिनं वर धरला. सिंधुबाईनं तो पदरात घेतला. पोरीच्या काळ्या हातांकडं ती बराच वेळ बघत राहिली.

"रिकामा डबा देत न्हाईत आमच्यात," ती म्हणाली. "भीमजयंतीला, हंगाम सरला की, तुमच्या घरी भरून आणते. तुझ्या आईला म्हणावं, घरी ऱ्हा."