चंद्री पाणी पीत नाही

उमरठच्या खोऱ्यात सकाळ उशिरा उतरते. आंबेनळीच्या बाजूचे डोंगर उंच. त्यांच्यामागे सूर्य कितीतरी वेळ अडकून राहतो. आधी समोरच्या उतारावरची झाडे उजळतात, मग वाडीतली कौले, मग परसातल्या पेंढ्याच्या उडव्या. असा एकेक पायरी उतरत उजेड सर्वांत शेवटी विहिरीपाशी पोचतो. मे महिन्यातल्या त्या सकाळीही तो तसाच आला. सिमेंटच्या नव्या टाकीवर पिवळा पट्टा पडला, तिच्या पायाशी असलेल्या गुरांच्या हौदातले पाणी हलकेच उजळले, आणि पंपाच्या खोलीच्या जाळीतून दिसणारा तांबडा दिवा त्या उजेडात विझल्यासारखा फिका झाला.

स्वराज पायरीवर बसून त्या दिव्याकडे बघत होता. दिव्यामागचा सर्किट बोर्ड त्याने स्वतः आखला होता, आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. मुंबईहून सुट्टीला आलेल्या प्रवीणकाकाने तो कौतुकाने उचलून आणला आणि चार दिवसांपूर्वी इथे टांगला. तेव्हापासून स्वराजला नीट झोप लागत नव्हती. का, ते तो स्वतःलाही विचारत नव्हता.

"अगो चंद्रे, पी की," आवडीकाकू म्हशीला हौदाकडे ढकलत होत्या.

चंद्रीने पाण्यात तोंड घातले आणि चटका बसावा तसे मागे ओढले.

"चार दिस झाले, नव्या पाण्याला शिवत नाय. वहाळावर जाऊन पिते. टाकीला दृष्ट लागली म्हनायची. माझ्याबी बोटांना मुंग्या येतात, पन ते वयाचं."

"तिला पाणी बोअर झालं असेल," श्रुतिका म्हणाली. ती प्रवीणकाकाची मुलगी, डोंबिवलीची. गप्प बसणे तिला जमत नसे.

तिघांतला तिसरा, स्वराजचा मित्र मुसैब, मात्र हसला नाही. त्याच्या अब्बांचे महाडला मोटर वाइंडिंगचे दुकान. पंपाची मोटर तिथलीच. तो काकूंच्या रबरी चपलांकडे आणि मग चिखलात रुतलेल्या म्हशीच्या पायांकडे बघत राहिला.

"काकू, चपला काढू नका," तो सावकाश म्हणाला.

"हा काय मंतरबिंतर मारतोय?"

मुसैबने खिशातून टेस्टर काढला. तो कंपासपेटी विसरेल, टेस्टर नाही. हौदाच्या लोखंडी नळाला टोक टेकले आणि मुठीत जोंधळ्याएवढा तांबडा ठिपका उमटला.

"पाण्यात वीज उतरलीय."

"मोटरमधून उतरली असेल," स्वराज घाईने म्हणाला.

"मोटर अब्बांनी तपासून दिलीय."

"मग तार उंदराने कुरतडली असेल."

"स्वराज, तुझ्या बोर्डाच्या सळ्या टाकीच्या पाण्यात आहेत ना?"

"त्या पाच व्होल्टच्या बाजूला आहेत."

"पाच व्होल्टने म्हैस उडत नाही रे."

स्वराजला आपला बोर्ड डोळ्यांपुढे दिसला. बोर्डाच्या एका अंगाला मोटरची दोनशे तीस व्होल्टची वीज, दुसऱ्या अंगाला पाच व्होल्टची. पाणी सळ्यांना लागले की पाच व्होल्टची बाजू रिले नावाची छोटी कळ फिरवते आणि मोटर थांबते. या दोन बाजूंनी एकमेकींना कधीच शिवायचे नसते. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या, "मध्ये आठ मिलिमीटर कोरी जागा सोड. प्रदर्शनात बल्ब लावणार असलास, तरी बोर्ड असा आख, की तो उद्या कुणाच्या घरी लागणार आहे." त्याने मान डोलावली होती. त्यापुढचे त्याला आठवायचे नव्हते.

"दहाला गंगापूजन आहे," श्रुतिका एकदम म्हणाली. "ओटी कोण भरणारे?"

"आई," स्वराज म्हणाला. पूजेला चपला काढतात. सारिका, त्याची आई, ओल्या ओट्यावर अनवाणी उभी राहून पाण्यात हात घालणार होती. तिच्यामागे वाडीतल्या सगळ्या बायका.

ते धावत आईकडे गेले. ती ताटात हळदकुंकू मांडत होती. "चपला घालून पूजा करू? काहीतरीच," ती म्हणाली. प्रवीणकाका खुर्च्या लावून घेत होता.

"काका, पंप बंद करा. पाण्यात करंट आहे," स्वराज म्हणाला.

"पावने वाटेत हायत, टाकी अर्धी हाय, आनि म्हशीच्या नादानं बंद करू? लेका, तुझ्याच बोर्डावर तुझा विश्वास नाय?"

"अब्बांनी ईएलसीबी पाठवला होता," मुसैब म्हणाला. "वीज गळली की तोच पुरवठा तोडतो. बसवलात?"

"बसवू रे. पूजा होऊन जाऊ दे." पंपाच्या खोलीची किल्ली काकाच्या खिशात खुळखुळली.

श्रुतिकाने दोघांना बाजूला ओढले. "पप्पांना नाही म्हटलं की ते हट्टाला पेटतात. भाव द्यायचा. बघाच."

दहा वाजता वाडी जमली. ओट्याखाली चपलांची रांग लागू लागली. सारिकाने आपल्या चपला काढल्या, तोच श्रुतिका माइकवर बोलली, "पूजेआधी सगळ्यांना मशीन दाखवा ना पप्पा. तुम्हीच बसवलंय." टाळ्या पडल्या. काकाने छाती फुगवून कुलूप उघडले. मुसैब त्याच्या हाताखालून आत शिरला, मेन स्विच खाली ओढला आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

दिवा विझला.

"ए पोरा, काय केलंस हे?" काका त्याच्यावर धावला.

"थांब प्रवीण," वाडीतले सर्वांत वडील हैबतीआजोबा काठी आडवी धरत म्हणाले. "आवडे, म्हस आन."

चंद्रीने पाणी हुंगले. मग तिने तोंड खाली घातले आणि ती पिऊ लागली. चार दिवसांत पहिल्यांदाच. घोटांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. सारिकाने मुकाट्याने पाय पुन्हा चपलांत घातले.

खिडकीच्या कट्ट्यावर ईएलसीबीचे खोके होते, न फोडलेले. काकाने त्यावरची धूळ पुसली आणि तो कितीतरी वेळ पुसतच राहिला. बोर्ड खाली उतरवला, तेव्हा त्याच्या दोन बाजूंना जोडणारी एक काळी जळकी रेघ दिसली, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक.

"पोरांनी वाडीवरचं मरान परतवलं आज," आजोबांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

"चूक माझी," काका खाली मान घालून म्हणाला. "प्रदर्शनातली वस्तू मी ओलीत टांगली. पोराचा काय दोष?"

आई स्वराजकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत अभिमान होता. त्याला तो सोसवेना. मुसैबने बोर्ड उन्हात धरून पाहिला, त्या रेघेवर अंगठा ठेवला, आणि बोर्ड स्वराजच्या हातात दिला, जळकी बाजू खाली करून.

स्वराजने तो उलटा केला.

"बाईंनी आठ मिलिमीटर सांगितले होते," तो म्हणाला. "बोर्डाचा तांब्याचा पत्रा लहान पडला. सगळं पुन्हा आखावं लागलं असतं, म्हणून आठ सोडलेत असं मी त्यांना सांगितलं. मी दोनच सोडले होते."