सत्तेचाळीसची खूण

विद्यापीठाच्या टेकडी शर्यतीला यंदा शंभर वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. क्रीडा विभागात बत्तीस वर्षं कागद सांभाळलेत. दुसरं कोण करणार? पदकं, विक्रम, सगळं आठवड्यात उरकलं. एका वर्षापाशी मात्र हात अडला.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण धावली होती, छातीवर सत्तेचाळीस नंबर लावून. मी नोकरीला नुकताच लागलो होतो, शेवटच्या रेषेशी टेबलावर. येईल त्याच्या नंबरापुढे खूण करायची, एवढंच काम. धुकं मरणाचं, गारठ्याने बोटं वळेनात. राहिलेल्या चार-पाच नंबरांपुढे मी न बघताच खुणा केल्या आणि चहाला गेलो. त्यात धाकटीचीही होती. कागदावर ती आलेली, म्हणून टेकडीवर कुणी शोधायलाच गेलं नाही. शोधलं ते स्टेशनवर, मैत्रिणींकडे.

आई अजून म्हणते, "शर्यत पुरी केली आणि घर सोडून गेली कार्टी." मी कधी तोंड उघडलं नाही. लाज वाटते, पण नाही उघडलं.

त्यानंतर सत्तेचाळीस नंबर मी कुणाला देऊच दिला नाही. वाटेत सात टप्पे आहेत. प्रत्येकावर एकजण जाणाऱ्यांचे नंबर टिपतो. ते कागद कोण बघतो? गठ्ठा बांधायचा, कपाटात टाकायचा. यंदा प्रथमच उघडले. पुढची चार वर्षं पहिल्या टप्प्यावर, सगळ्यात शेवटी, सत्तेचाळीस. मग काही वर्षं दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. दरवर्षी अक्षर वेगळं. गेल्या वर्षी सातव्यावर.

तिथे नंबर टिपणाऱ्या ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं.

"हो, आठवते की. सगळ्यांच्या मागून आली. म्हटलं, पाणी तरी पी. तर विचारते, माझी खूण झालीय का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, पुढे टेबलावर विचार."

यंदा टेबलावर मीच बसलो. दुपारी चारला शेवटचा धावपटू आला. शर्यतप्रमुख म्हणाले, "आवरायचं ना?"

"थांबा जरा."

मांडव उतरला. खुर्च्या गेल्या. शर्यतप्रमुखही कंटाळून निघून गेले.

पाचला सातव्या टप्प्यावरून निरोप आला. सत्तेचाळीस गेली.

तिथून इथवर दहा मिनिटांची सरळ वाट. वाटेवर कुणी नव्हतं.

खडीवर पावलं वाजली. जवळ आली. टेबलाशी थांबली.

खरं सांगायचं ठरवूनच बसलो होतो. शप्पथ.

"झालीय खूण," मी म्हणालो. "जा, घरी जा."

पावलं वळली.

मी कागद गोळा करतोय तोच आईचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"अरे, धाकटी आलीय. बस म्हटलं तर बसत नाही." तिच्यामागे कुणीतरी धापा टाकत होतं. "म्हणते, आधी दादाला विचार. काय विचारू रे तुला?"