एक्केचाळीस रेकॉर्डिंग

राजूर घाटाच्या वळणावर पुष्पांजलीच्या फोनने मान टाकली आणि तो आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. काळ्या पडद्यावर इशारा उमटला. या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, वगैरे. तिने तो घाईने ओढणीखाली घेतला.

"रूट केलाय का?" शेजारच्या सीटवरून आवाज आला.

ती दचकलीच. नांदुऱ्याच्या बसमध्ये हे ओळखणारा माणूस? बुलढाण्याच्या कॉलेजात ती संगणक प्रयोगशाळा सांभाळायची. पोरं तिच्याकडून फोन रूट करून घेत, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं काढून फोनचा पूर्ण ताबा मिळवत. पण वडनेर भोलजीला, घरी, यातलं कुणाला काही कळत नव्हतं.

"हाव. तुम्हाले कसं समजलं?"

"मीही करायचो. सोडलं."

"काऊन?"

"सांगतो... पण नांदुरा येईपर्यंत संपणार नाही."

खरंच संपलं नाही. तो आल्हाद, कोर्टातली संगणकं बघणारा. पुढे दोन महिने फोनवर तोच वाद चालला. रूट सोडून त्याने फोनवर खाजगीपणा जपणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली होती.

"घाबरट!" ती चिडवायची.

"असू दे. तू ज्या ॲपला पूर्ण ताबा देतेस, ते तुझ्याच घरात मालक होऊन बसतं."

एका शनिवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "शोध तो मालक. काही नाही निघालं, तर तू परत रूट करशील!"

त्याने फोन लॅपटॉपला जोडला. हसत हसत सुरुवात केली... आणि हळूहळू त्याचं हसू मावळलं.

"कॉल रेकॉर्ड करणारं हे ॲप कुठून घेतलंस?"

"एका ग्रुपवरून. रूट केल्यावरच चालते ते."

"पुष्पा, प्रत्येक रेकॉर्डिंग बाहेर जातंय. कुणाकडे, ते कळत नाही."

स्वतःच्या हाताने तिने ते ॲप बसवलं होतं... आणि नऊ पोरांच्या फोनमध्येही!

आल्हाद यादी खाली सरकवत होता. मध्येच थांबला. त्याचे कान लाल झाले.

"एक्केचाळीस रेकॉर्डिंग. आणि सगळी... माझीच?"

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"रेकॉर्डिंगले फक्त तुहाच नंबर लावला होता," ती कशीबशी म्हणाली.

"काऊन?" तिची बोली त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आली.

"घरी गेली का मंग... तेच ऐकत होती."

त्याने लॅपटॉपवरची नजर उचलली. "म्हणजे कुणा अनोळखी माणसाने हे ऐकलं असेल, तर त्याला केव्हाच कळलं असेल. मलाच कळलं नाही!"

"हसून नको राहू! परका माणूस माहं सारं ऐकून गेला..." तिचे डोळे भरून आले.

"हसत नाहीये गं," तो हळूच म्हणाला.

त्या आठवड्यात तिने नऊही पोरांना एकेक करून गाठलं, चूक सांगितली, फोन साफ करून दिले. मान खाली घालून त्यांची बोलणीही ऐकून घेतली. मग तिच्यासाठी आल्हादच्या जुन्या फोनवर दोघांनी मिळून ती नवी सिस्टीम चढवली. तिचा रूट केलेला फोन आता पुसायचा होता.

"रेकॉर्डिंग काढून ठेवू?" त्याने विचारलं.

तिचं बोट क्षणभर अडखळलं. "नको. पुसून टाक." आणि मग, नजर न उचलता, "पण त्यात जे कधी बोलला नाहीस... ते आता बोल."

आल्हादने लॅपटॉप मिटला. एक शब्द जुळवला, सोडला. घसा खाकरला.

"मले... तू पाहिजे. जन्मभर."

उच्चार साफ चुकला होता. पुष्पांजलीला हसू आलं.

"हाव," ती म्हणाली. पण आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा सांगावं लागलं.