तोंड तुटलेला निरोप

डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकाठी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवायचं, एवढ्यासाठी तिघं चार दिवस चढत होती. पुढे वाटाड्या, मध्ये यंत्र पाठीवर घेतलेला मोजणीदार, मागे रेडिओवाली. खाली दरीत पुलाचं काम चालू होतं आणि तिचा धाकटा भाऊ तिथं गवंडी होता. तळं फुटलं तर पाण्याचा पहिला तडाखा त्या पुलालाच बसणार होता.

शेवटचा चढ संपला आणि वाटाड्या जागीच थबकला. तळं अडवून धरणारी बर्फाची भिंत मधोमध चिरली होती. चिरेतून गढूळ पाणी उसळत होतं!

मोजणीदार म्हणाला, तासभर टिकली तरी नशीब.

बोलून आवाज खाली पोचणं शक्य नव्हतं. डोंगराची सोंड आडवी होती. समोरच्या शिखरावरचा रिले-रेडिओ बोलणं पुढे पाठवत नसे, फक्त पॅकेट पाठवी. पॅकेट म्हणजे आवाजात गुंडाळलेली छोटी चिठ्ठी. वर पत्ता, आत मजकूर. हातातला रेडिओ ती एका चिरक्या आवाजात फेकतो. त्यातलं एक अक्षर जरी बिघडलं, तरी रिले ती चिठ्ठी टाकून देतो. नीट मिळाली, तरच पोच येते.

पुलावरच्या रेडिओचा पत्ता घालून तिनं लिहिलं, 'तळं फुटतंय. पूल सोडा. वर चढा.' बटण दाबलं. पोच नाही. पुन्हा दाबलं. नाही! खडकावर चढून पाठवलं, तरी नाही. बॅटरीची एकच रेघ उरली.

"बाई, हे खेळणं चालतंय तरी का?" वाटाड्यानं विचारलं.

मोजणीदार पळत खाली जायला निघाला होता. पण पळून पळून किती पळणार? उतरतानाही वाट दोन दिवसांची होती.

"थांबा," ती म्हणाली. "चूक माझीच आहे."

बटण दाबल्यावर रेडिओला पुऱ्या ताकदीनं बोलू लागायला क्षणभर लागतो. म्हणून माणसानं बटण दाबून आधी श्वास घ्यायचा, मग बोलायचं. नवशिक्यांना ती स्वतःच हे शिकवी. पॅकेटसाठी तो श्वास रेडिओतच ठरवून द्यावा लागतो. बॅटरी वाचावी म्हणून सकाळी तिनं तो जवळजवळ शून्यावर आणला होता, आणि त्यानंतर काही पाठवलंच नव्हतं. आता प्रत्येक चिठ्ठीचं तोंडच तुटत होतं.

गारठलेल्या बोटांनी ती आकडा बदलू लागली. भिंत कडाडली! पायाखालची जमीन हादरली. वाटाड्यानं तिचा दंड धरला. तिनं बटण दाबलं. क्षणभर शांतता. मग चिरका आवाज.

पडद्यावर उमटलं, 'पोचलं.'

"आता पळा!"

मोजणीदारानं पाठीवरचं यंत्र फेकून दिलं. तिघं खडकाळ धारेवर चढली, आणि मागे अख्खी भिंत कोसळली.

पाणी दरीत गडप झालं, त्याचा घुमणारा आवाज हळूहळू दूर गेला, तरी तिची नजर पडद्यावरून हलेना. पोच रिलेनं दिली होती. ती चिठ्ठी कुणा माणसानं वाचली होती का?

बऱ्याच वेळानं अक्षरं आली. 'पूल गेला. आम्ही सगळे वर. ताई, तू कुठं आहेस?'

तिनं घाईघाईनं पहिलं अक्षर लिहिलं आणि पडदा काळा झाला.

"उठा," ती दोघांना म्हणाली. "तो वाट बघतोय."