चौदाव्या खिळ्यावरचा कोरा बिल्ला

दुसऱ्या बेटावरून बोटीत परत चढायच्या आधी भोपळ्याने आपला पत्र्याचा बिल्ला गुपचूप मोज्यात सरकवला. मग तिकीटवाल्यापुढे त्याने असं काही रडवेलं तोंड केलं, की शाळेच्या नाटकात याला दरवर्षी झाडाचंच काम का देतात असा प्रश्न पडावा. बिल्ला हरवला, म्हणाला. खरं तर सात नंबरचा तो बिल्ला त्याला आठवण म्हणून घरी न्यायचा होता.

मागे उभ्या असलेल्या गणतीने आणि रेडिओने कसंबसं हसू दाबलं. गणती म्हणजे समोर दिसेल ते मोजत सुटणारी बारा वर्षांची मुलगी. रेडिओ तिची आणि भोपळ्याची वर्गमैत्रीण, सकाळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत बंद होत नसे. या तिघांना रेडिओचा मामा तीन बेटांच्या सहलीला घेऊन आला होता. हंगाम संपला की बेटं तीच, समुद्र तोच, फक्त तिकीट अर्ध्यावर, असा त्याचा हिशोब. हंगाम मुळात संपतो कशामुळे, हे मात्र त्याने कुणाला विचारलं नव्हतं. पहिलं बेट यायच्या आतच लाटांनी त्याच्या पोटाची वाट लावली, तेव्हापासून तो तोंडावर टोपी घेऊन बाकावर आडवा होता.

बोटीच्या दाराशी एक लाकडी फळी होती. त्या दिवशी प्रवासी एकोणीस, म्हणून फळीवर एकोणीस खिळे आणि एकोणीस बिल्ले. बेटावर उतरताना आपला बिल्ला सोबत न्यायचा, परत आलं की आपल्याच खिळ्यावर अडकवायचा. एक जरी खिळा रिकामा असला तरी बोट धक्का सोडायची नाही. निदान नियम तरी तसा होता.

तिकीटवाला भोपळ्यावर अजिबात रागावला नाही. त्याने खिशातून एक कोरा बिल्ला काढून सातव्या खिळ्यावर टाकला. असे मूठभर बिल्ले त्याच्या खिशात खुळखुळत होते. लोक बिल्ले घरी नेतात, मग खिळा रिकामा म्हणून बोट अडते, कप्तान बोलतात आणि बोलणी आपल्याला खावी लागतात, त्यापेक्षा हे बरं, असं त्याने सांगितलं. मुलांना तो फारच भला माणूस वाटला.

तिसरं बेट शेवटचं. तिथलं एकुलतं एक हॉटेल बंद होतं, खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि चौकीदारसुद्धा कुलूप लावून घरी गेलेला. पुढची बोट थेट नऊ दिवसांनी. मुलांबरोबर पाखरंवाल्या बाईही उतरल्या. त्या सकाळपासून गणतीच्या शेजारी बसल्या होत्या. वही घेऊन बेटाबेटांवरची पाखरं मोजायची, हे त्यांचं काम. मोजण्यासाठी पगार देतात हे ऐकून गणती जी त्यांना चिकटली, ती सुटलीच नाही.

बाईंनी तिला एक गोष्ट शिकवली होती. "उडती पाखरं मोजायला जाऊ नकोस, चुकशील. बसायची प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती जागा मोज."

बाईंचा बिल्ला चौदा नंबरचा होता. घरटी जवळूनच बघायची असल्याने दुर्बीण त्यांनी भोपळ्याच्या गळ्यात अडकवली, बोटीत परत दे म्हणाल्या, आणि बेटाच्या पलीकडच्या टोकाला, कातळावरची घरटी बघायला निघून गेल्या. भरतीच्या आत येते, असंही सांगून गेल्या.

तासाभरात आभाळ काळवंडलं. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच भोंगा वाजला. लोक पळत सुटले, धक्क्यावर ढकलाढकली झाली आणि बोट निघालीसुद्धा.

भोपळ्या दुर्बीण परत द्यायला गेला, तर बाई कुठेच दिसेनात. पुढे नव्हत्या, मागे नव्हत्या. खालच्या खोलीत ओले दोर होते आणि एक पंप. तिकीटवाल्याने मानही वर केली नाही. फळी भरली आहे, म्हणजे सगळे आले, असतील इथेच कुठेतरी, म्हणाला.

गणती फळीसमोर जाऊन उभी राहिली. एकोणीसच्या एकोणीस खिळे भरलेले होते. पण सातव्या खिळ्यावर कोरा बिल्ला होता आणि चौदाव्यावरही.

"सातवा माझा," भोपळ्या पुटपुटला. "पण चौदावा कुणी टाकला?"

कुणी टाकला हे तिघांनाही कळलं होतं. सकाळी असाच कोरा बिल्ला पाहून आपण तिकीटवाल्याला भला माणूस म्हटलं होतं, हे भोपळ्याला आठवलं.

रेडिओने तिकीटवाल्याला गाठून विचारलं. तो वैतागला. बाईंचाही बिल्ला हरवला असेल, तुमच्या दोस्ताचा नाही का हरवला? आणि लाटा असताना कप्तानांना त्रास द्यायचा नाही, असं दटावून तो त्यांच्या खोलीच्या दारातच उभा राहिला. मामाला हलवावं तर मामा डोळे न उघडता बादली मागत होता.

इकडे बेट लहान लहान होत चाललं होतं. भरती चढत होती. बाई त्या कातळावर अडकल्या असतील तर बोट परत फिरायलाच हवी होती, आणि तीही लगेच. नऊ दिवस तिकडे कुणी फिरकणार नव्हतं.

गणतीने माणसं मोजायला घेतली. पहिल्यांदा अठरा भरली, मग वीस, मग सतरा. कुणी उठे, कुणी बसे, कुणी उलटी करायला कठड्याकडे धावे. तिला आता रडूच फुटणार होतं, तेवढ्यात एकदम बाईंचं बोलणं आठवलं.

"माणसं मोजायचीच नाहीत," ती म्हणाली. "खिळे मोजायचे. प्रत्येकाला आपापला बिल्ला उचलायला लावू या. जो उरेल तो बाईंचा."

हे काम रेडिओचं होतं. ती बाकाबाकावर जाऊन काळजीच्या सुरात सांगत सुटली, की उतरताना ज्याच्या हातात स्वतःचा बिल्ला नसेल, त्याला म्हणे सगळ्यांच्या शेवटी सोडणार आहेत. तिने अर्ध्या बाकांनाच सांगितलं. उरलेल्या अर्ध्यांना लोकांनी आपणहून सांगितलं. पाच मिनिटांत फळीसमोर ही झुंबड! मामाचा बिल्ला रेडिओने काढून त्याच्या मुठीत कोंबला, भोपळ्याने आपला कोरा घेतला आणि सगळी माणसं एकाच बाजूला जमल्यामुळे बोट चांगलीच कलली.

तेव्हा मात्र कप्तान सुकाणू खलाशाच्या हाती देऊन तणतणत बाहेर आले. काय चाललंय, म्हणून गरजले. लोक बिचकून बाजूला झाले.

फळी रिकामी झाली होती. चौदाव्या खिळ्यावर तेवढा एक कोरा बिल्ला लाटेबरोबर हलत होता.

"हा कुणाचा?" कप्तानांनी विचारलं.

जो तो आपल्या हातातला बिल्ला दाखवू लागला. त्यांनी पुन्हा विचारलं. गणतीने सगळं सांगितलं. तिकीटवाला घाईघाईने मध्ये पडला, "साहेब, बिल्ला हरवला असेल त्या बाईंचा."

"आणि बाई?" कप्तान म्हणाले.

तिकीटवाल्याचं तोंड पांढरं पडलं. कप्तान तोवर सुकाणूकडे धावले होते.

परतीचा तो अर्धा तास कुणी बोललं नाही, रेडिओसुद्धा. भोपळ्या दुर्बीण डोळ्यांना लावून उभा होता. बोट इतकी हलत होती, की नुसतं पाणीच दिसत होतं. मग कातळाच्या टोकावर काहीतरी पांढरं हललं. ती वही होती. बाई ती डोक्यावर धरून हलवत होत्या आणि पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

कप्तान आणि खलाशी छोटी होडी घेऊन गेले आणि बाईंना उचलून घेऊन आले. पाय मुरगळून टम्म सुजला होता. त्यांच्या मुठीत बिल्ला होता. इतका घट्ट, की तळव्यावर चौदाचा आकडा उमटला होता.

घोंगडीत गुंडाळून बसल्यावर त्या म्हणाल्या, "पाय मुरगळला तेव्हा मी घाबरले नाही. म्हटलं, माझा खिळा रिकामा आहे, मला टाकून बोट जाणार नाही." मग वही मांडीवर ठेवत म्हणाल्या, "आणि मग बोट जाताना दिसली."

तिकीटवाला ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. त्याला गप्प करायला कुणी गेलं नाही.

कप्तानांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली. माझ्या बोटीवर माझ्यापेक्षा तुमचंच लक्ष जास्त, म्हणाले. बाईंनी गणतीला जवळ ओढून धरलं. उठून बसलेला मामाही सगळ्यांना सांगू लागला, की माझ्याबरोबर आलेत ही मुलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोपळ्याला त्या टाळ्या ऐकवेनात.

बोट निघायची खोळंबली होती. लोक एकेक करून बिल्ले परत अडकवत होते. बाईंनी लंगडत येऊन चौदाव्यावरचा कोरा काढून टाकला आणि स्वतःचा चौदा नंबर लावला. आता फक्त सातवा खिळा रिकामा होता. भोपळ्याच्या हातात कोरा बिल्ला होता. तो लावला असता तर कुणाला काहीच कळलं नसतं.

त्याने खाली बसून बूट काढला. मोज्यातून सात नंबरचा बिल्ला काढला आणि कप्तानांसमोर धरला. "हरवला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो होतो."

कप्तानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि फळीकडे बोट दाखवलं. भोपळ्याने बिल्ला सातव्या खिळ्यावर अडकवला. कप्तानांनी पहिल्या खिळ्यापासून एकेका बिल्ल्यावर बोट टेकवत ते सगळे स्वतः मोजले.

"एकोणीस," ते म्हणाले. "चला आता घरी."