चारशे तीन हिरवे ठिपके

कातळवाडीची ग्रामसभा आता कधीच तहकूब होत नसे. पूर्वी गणपूर्तीसाठी शिपायाला दारोदार हिंडावं लागे; आता अकराच्या ठोक्याला पडद्यावर चारशे तीन हिरवे ठिपके हजर. एकेक ठिपका म्हणजे एकेका नागरिकाची प्रतिमती. मालकाने एकदा चाळीस प्रश्नांची उत्तरं दिली, की त्याचं मन ओळखून त्याच्या वतीने मत देणारी संगणकी वकीलच ती. माणसं मुंबई-पुण्यात निवांत! सभागृहात एकट्या सरपंच सुलभा शेट्ये आणि चहाचा थर्मास.

आज विषय एकच होता: डोंगरावरचा झरा बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला वीस वर्षांसाठी द्यायचा. मतदानाला पाच मिनिटं उरली असताना दारात मनमाया थापा येऊन उभी राहिली. नेपाळहून नवऱ्याबरोबर आंब्याच्या बागा राखायला आलेली ही बाई तीस वर्षं इथेच होती. तिचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी धूळ खात पडला होता. त्यामुळे तिला ना मत, ना प्रतिमती.

"सरपंचबाई, झरा देऊ नका. नळाला पाणी पुरवणारी विहीर आटेल."

"झऱ्याचा नि विहिरीचा काय संबंध गो?"

"मे महिन्यात झरा गाळाने बुजला, तेव्हा विहीर चार दिवसांत तळाला गेली. मी गाळ काढला, तशी भरली. दरवर्षी मीच काढते."

सुलभाला प्रतिमतीचे ते चाळीस प्रश्न आठवले. 'झऱ्याचं पाणी वापरता का?' या प्रश्नाला अख्ख्या गावाने 'नाही' असं ठोकून दिलं होतं, कारण पाणी नळाला येत होतं. तिनेही तेच उत्तर दिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने मनमायाच्या नावाने हरकत नोंदवली.

"ही व्यक्ती नागरिक नाही. हरकत अग्राह्य," सभेचं यंत्र म्हणालं. "नागरिकाने समक्ष हरकत घेतल्यास सभा थांबेल. मात्र त्याची प्रतिमती कायमची रद्द होईल. यापुढे प्रत्येक सभेला जातीने यावं लागेल."

"मग माझी प्रतिमती रद्द कर. येईन मी!"

सगळे ठिपके विझले आणि फोन खणखणू लागले. सभा थांबवली कोणी, म्हणून जो तो विचारत होता. सुलभा प्रत्येकाला ठणकावून सांगत होती, "मी थांबवली. रविवारी गावात या. झरा डोळ्यांनी बघा, मग तोंडाने मत द्या. आणि गाळ काढायला घमेलं आणा."

सातवा फोन ठेवताना तिला हसू आलं. माणसं कुरकुरत होती, पण 'येतो' म्हणत होती.

"सगळ्यांना मी वर नेईन, वाट दाखवीन," मनमाया म्हणाली. मग तिने विचारलं, "पण बाई, मत द्यायची वेळ आली की मी बाहेर जायचं का?"