विटांवरचा डबा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पटवत बसायला मला वेळ नाही. बाबा आत्ता माझ्या समोर आहेत, म्हणून घाईघाईने लिहितेय.

गेल्या विश्वकर्मा पूजेची भरदुपार. भिलाईच्या सुपेल्यात भय्याजी सुतारांची शेड.

मी मेट्रोच्या डब्यांचं इंटिरियर करते. खरा डबा बनायच्या आधी प्लायवूडचा तेवढाच मोठा नमुना उभा करतात. सीट, दारं, लटकणारी हँडल, सगळं असतं. फक्त चाकं नसतात. आमचा डबा विटांवर उभा होता.

त्या दिवशी भिलाईत यंत्रं-अवजारं पुजतात, सायकलीलासुद्धा हार पडतो. भय्याजी नारळ घेऊन आले.

"मॅडम, डब्याची पूजा राहिली ना."

"चाकं कुठं हाएत याले? कायची पूजा करता?" मी हसण्यावारी नेलं.

माझे बाबा, हरिभाऊ, चरोद्याचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. सीटची उंची म्हाताऱ्या गुडघ्यांना जमते का, ते बघायला त्यांनाच आणलं होतं. ते खिडकीपाशी बसले. मी टेप घ्यायला खाली उतरले.

मागे दार सरकलं... आणि लागलं.

त्या दाराला मोटर नव्हती.

मी काचेतून पाहिलं. सगळी हँडल एकदम मागे कलली होती... गाडी सुटताना कलतात तशी.

शेडमध्ये पंखासुद्धा चालू नव्हता. मी काचेवर थापा मारत राहिले.

बाबांनी माझ्याकडे पाहून निरोपाचा हात हलवला.

भय्याजींनी पहारीने दार उचकटलं. हँडल सरळ लटकत होती. बाबा जागच्या जागी बसलेले.

"कावून उतरली बेटा? गाडी सुटून राहिली होती ना."

भय्याजींनी तिथेच नारळ फोडला. या वेळी मी हसले नाही.

तेव्हापासून बाबा घरी खुर्चीत बसल्या बसल्या डुलतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. रोज एकदा विचारतात, "आपलं स्टेशन आलं का?"

"नाई बाबा, लय दूर हाए अजून." रोज हेच सांगते. दुसरं काही सांगायची मला भीती वाटते.

आज त्यांनी विचारलं नाही.

दुपारी खुर्चीतच ते एकदम पुढे झुकले... ब्रेक लागल्यासारखे. मग डुलणं थांबलं. उठले, चपला घातल्या.

"तू बस बेटा. तुले अजून पुढं जायचं हाए."

मी आतून कडी लावलीय.

बाबा दारापाशी उभे आहेत. दार उघडायची वाट बघत.